योयो लोच, मोठ्या टाकीतला दिवस १९: राखाडी रंगाचं कोडं निम्मं सुटलं

मागच्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की पाचही लोच (तळाशी फिरणारे मिशीवाले मासे) क्वारंटाइनमधून सुखरूप आलेत, छान खातायत, आता पुढचं लिहीन ते ड्रिफ्टवुड (टाकीतलं लाकूड) बदलल्यावरच. ते ड्रिफ्टवुड अजून बादलीत भिजतंय. मधल्या सगळ्या संध्याकाळी टाकीच्या उजव्या काचेसमोर मांडी ठोकून गेल्या.

थोरल्याने वेड लावलं होतं. थोरला म्हणजे पाचांतला सगळ्यात मोठा, शेपटीकडचा ‘ओ’ तुटलेला. (लहानपणी अंगावर ‘वाय-ओ-वाय-ओ’ अगदी स्वच्छ वाचता येतं, वय वाढलं की अक्षरांची जाळी होते. बाकी चौघांची अजून वाचता येतात.) संध्याकाळी साडेसात वाजले की हा उजव्या काचेला नाक लावायचा आणि वर-खाली, वर-खाली. तळापासून पाण्याच्या पातळीपर्यंत आणि परत तळ. दिवा बंद होईपर्यंत थांबणं नाही. अधूनमधून मधला त्याला सामील व्हायचा, बाकीचे लाकडाखाली दडून. आणि सकाळी बघावं तर सगळं आलबेल, पाचहीजण वाळूत मिश्या खुपसून फिरतायत.

नवव्या दिवशी याच्यावर कडी झाली. काचेशी झुंजता झुंजता थोरल्याचा रंगच उडाला. काळे पट्टे पुसट, अंग राखेसारखं. मी घाबरले. त्याला वेगळं काढायला म्हणून जाळी घातली आणि लोचवाल्यांनी जे कधीच करू नये ते करून बसले. यांच्या डोळ्याखाली एक दुभंगलेला काटा असतो, घाबरले की तो उभा राहतो. तो जाळीत असा अडकला की शेवटी कात्रीने जाळी कापावी लागली. मासा वाचला, जाळी गेली. इथून पुढे लोच पकडायचे ते प्लॅस्टिकच्या डब्यानेच.

औषधाची बाटलीही हातात घेतली होती. लोचचे खवले अगदी बारीक आणि कातडीत रुतलेले, त्यांना औषध सोसत नाही म्हणून अर्धाच डोस द्यावा, इथवर हिशेब झाला होता. पण तोवर त्याचा रंग परत आला होता. आणि कुठला आजार रोज घड्याळ बघून साडेसातला येतो? झाकण परत लावलं.

मग पाणी. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट २०, तापमान २६. हे सगळं थेंबांच्या किटने. पाण्यात बुडवायच्या चाचणी-पट्ट्यांवर माझा आता काडीचा विश्वास नाही, एकाच पाण्याला दोन पट्ट्यांनी दोन रंग दाखवलेत. आणि किटमधली नायट्रेटची दुसरी बाटली अर्धा मिनिट जीव खाऊन हलवा, नाहीतर आकडा खोटाच कमी येतो.

पहिला संशय ऑक्सिजनवर होता. तो दोन मिनिटांत बाद झाला. झाडांच्या टाकीत ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो तो पहाटे. संध्याकाळी, दिवसभर झाडांनी काम केल्यावर, तो भरपूरच असतो. मग म्हटलं पीएच, म्हणजे पाण्याची आम्लता, बघू. सकाळी ७.०, संध्याकाळी ७.६! झाडं दिवसभर कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात, त्यामुळे पीएच चढतो, आणि पीएच चढला की अमोनियाचा विषारी वाटा वाढतो. सापडलं, म्हणून मी नाचलेच. दुसरा एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावला, दोन दिवसांत सकाळ-संध्याकाळचा फरक ०.३ वर आणला. थोरला वर-खाली चालूच. अहो, अमोनिया मुळात शून्य असताना त्याचा विषारी वाटा वाढून वाढणार तरी किती? पण हे तेव्हा सुचेल तर ना.

खरं उत्तर अपघाताने मिळालं. गुरुवारी टाकीच्या उजवीकडच्या कपाटात काही शोधत होते, म्हणून टेबललॅम्प तिकडे चालू ठेवला. साडेसात झाले, आठ झाले, थोरला वाळूत. लॅम्प बंद केला आणि दहा मिनिटांत साहेब काचेवर. चालू, खाली. बंद, वर. चारदा करून पाहिलं.

उजव्या बाजूला बोळ आहे आणि संध्याकाळी तिथे अंधार असतो. बाहेर अंधार आणि आत उजेड झाला की काचेचा आरसा होतो, रात्री खिडकीत आपण स्वतःला दिसतो तसा. डावीकडे पहिल्यापासून फिकी पार्श्वभूमी चिकटवलेली आहे, म्हणून तिकडे कुणी फिरकत नव्हतं.

लगेच बाहेरून काळा कागद लावला. आणखी वाईट! आता मधलाही रोज हजर. डोकं धरून बसले, मग ट्यूब पेटली: काळ्या कागदाने मी आरशाला मागून बळच दिलं होतं. प्रतिबिंब बुजवायचं तर मागची बाजू फिकी हवी, टाकीचा दिवा तिच्यावर पडून ती उजळली पाहिजे. काळा काढून फिका तपकिरी कागद लावला. पहिल्या संध्याकाळी दोन-तीन फेऱ्या, तिसऱ्या संध्याकाळी एकही नाही. त्या संध्याकाळी मी एकटीच टाकीसमोर हसत बसले होते.

राखाडी रंगाचंही आता लागतंय. लोच एकमेकांशी वरचढपणा ठरवताना असेच राखाडी पडतात. दोघं अंगाला अंग लावून गोल गोल फिरतात, एक हरतो, लाकडाखाली जातो, रंग परत येतो. तब्येतीशी त्याचा संबंध नाही. माझा अंदाज असा की थोरला काचेतल्या लोचशी भांडत होता, आणि तो लोच कधी हार मानतच नव्हता.

आता पुढचा बेत असा होता की कागद रोज दोन बोटं कापत जायचा आणि बघायचं...

नाही, थांबा. हे लिहिता लिहिताच सुचलं. अंदाज तपासायला कागद कशाला कापायचा? हातातला आरसा आहे की. डावीकडून लावून बघते.

आले. डाव्या काचेला बाहेरून आरसा टेकवला (पार्श्वभूमीचा एक कोपरा उचकटावा लागला, तो आता नीट बसत नाहीये). टाकीतल्या दुसऱ्या माशांनी, चेरी बार्बनी, ढुंकून पाहिलं नाही. थोरला दोन मिनिटांत हजर, कल्ले फुगवून, आणि पाचव्या मिनिटाला राखाडी. आरसा काढला. दहा मिनिटं झाली तरी तिथेच घुटमळतोय, शोधतोय त्याला.

तेव्हा कापाकापी रद्द. कागद कायमचा, आणि टायमर असा लावणार की खोलीतला दिवा मालवण्याआधी टाकीचा बंद होईल. शिवाय आणखी दोन लोच आणायचा विचार आहे, म्हणजे भांडणं पाचांऐवजी सातांत वाटली जातील. विकणाऱ्याने ‘गोगलगायी खातो, एकटा ठेवला तरी चालतो’ असं सांगितलं होतं. गोगलगायी खातो हे खरं आहे.

उरलं ते धाकट्याचं. तो अजून फक्त दिवा गेल्यावर बाहेर येतो, आणि काल तासाभरात तीनदा वाळूवर अंग घासलंन. आजाराचे पांढरे ठिपके अंगावर नाहीत, कल्ल्यांची हालचाल दोन्ही बाजूंना सारखी. वॉटर चेंज त्याच दिवशी केला होता, तेव्हा क्लोरीन मारायचं औषध कमी पडलं का, हा पहिला संशय. आजपासून घासण्याची वेळ आणि जागा वहीत लिहितेय. औषधाची बाटली माळ्यावर ठेवून दिलीय, शिडी लावल्याशिवाय हाताला लागणार नाही अशी.