बूट उतारासाठी घ्यावा

दुकानातली फरशी सपाट असते, आणि ट्रेकचा बूट चुकतो तो तिथेच. एसीच्या गारव्यात पातळ मोजे घालून आरशासमोर चार पावलं टाकली की कुठलाही बूट झकास वाटतो. डोंगर चढतानाही तो निभावून नेतो. चढताना दम लागतो, घाम निथळतो, पण पाय सहसा कुरकुरत नाहीत. ते कुरकुरायला लागतात माथ्यावर डबा खाऊन परत फिरल्यावर. कळसूबाईवरून बारी गावाकडे उतरताना अंगाचं आणि सॅकचं सगळं वजन पावलागणिक पुढे येतं, बोटं बुटाच्या टोकावर आपटत राहतात आणि कसाऱ्याला लोकलमध्ये बसेपर्यंत अंगठ्याचं नख काळंनिळं झालेलं असतं. चढ काय, कशातही चढता येतो. बूट घ्यायचा तो उतारासाठी.

खरेदीला संध्याकाळी जावं. दिवसभरात पाय थोडे सुजतात, डोंगरात त्याहून जास्त. ऑफिस सुटल्यावर लोकलमध्ये तासभर उभं राहून दुकानात शिरणारा मुंबईकर या बाबतीत नकळत अगदी योग्य वेळी पोचलेला असतो. ट्रेकला घालायचे तेच मोजे बरोबर न्यावेत. दोन्ही पाय क्वचितच सारखे असतात, त्यामुळे मोठ्या पायाचं माप धरायचं. बुटातला इनसोल, म्हणजे आतला सुटा तळ, बाहेर काढून जमिनीवर ठेवा आणि टाच मागच्या कडेला लावून त्यावर उभे राहा. सगळ्यात लांब बोटापुढे दहा-बारा मिलिमीटर जागा उरली पाहिजे आणि चवडा इनसोलच्या दोन्ही बाजूंनी बाहेर येता कामा नये. लहानपणापासून चपलेत मोकळा वाढलेला पाय पुढे पसरट होतो, आणि अरुंद साच्याचा बूट त्याला नेमका करंगळीपाशी चावतो. तिथे 'वापरून वापरून सैल होईल' असं दुकानदार म्हणतो. चामड्याचा थोडाफार होतोही. सिंथेटिक होत नाही.

एक नंबर मोठा घ्या, हा सल्ला सगळेच देतात. यूके मापात एका नंबराचा फरक साधारण साडेआठ मिलिमीटरचा असतो आणि तो कधीकधी जास्तच होतो. बूट लांबीला मोठा झाला की टाच आत वरखाली होते, आणि टाचेवरचे फोड तिथूनच येतात. अर्धा नंबर मिळत असेल तर तो घालून बघावा. परीक्षा सोपी आहे: नाडी न बांधता पाय पुढे सरकवून बोटं टोकाला टेकवा, टाचेमागे एक बोट शिरलं पाहिजे, दोन नाही. मग नाडी घट्ट बांधून बुटाचं टोक जमिनीवर तीन-चार वेळा जोरात आपटा. बोटांना धक्का लागला तर तो जोड बाजूला ठेवा, कितीही सवलत असली तरी. काही मोठ्या दुकानांत यासाठी लाकडी उतार ठेवलेला असतो. नसेल तर दुकानाचा जिना आहेच. सेल्समनच्या चेहऱ्याकडे न बघता तो दहा वेळा उतरावा.

आता तळवा. टाच एका हातात आणि टोक दुसऱ्या हातात धरून बूट ओल्या टॉवेलासारखा पिळून बघा. सहज पिळला गेला तर दगडगोट्यांवर घोट्याला आणि तळपायाला तो काहीच आधार देणार नाही. वाकवला तर तो चवड्यापाशी, म्हणजे बोटं जिथे वाकतात तिथे वाकला पाहिजे. मधोमध मोडणारा बूट शहरात ठीक. सोलच्या दातांची खोली चार-पाच मिलिमीटर असावी आणि त्यांच्यात अंतर हवं, नाहीतर पावसाळ्यातला लाल चिखल दातांत बसतो आणि सोल गुळगुळीत होतो. टाचेची पुढची कड सरळ, पायरीसारखी कापलेली असावी. घसाऱ्यावरून, म्हणजे सुट्या मातीदगडांच्या उतारावरून, उतरताना ब्रेक लागतो तो त्याच कडेने.

रबराचे असे दात असलेला सोल तसा फार जुना नाही. 1935 साली आल्प्समध्ये सहा गिर्यारोहक मृत्युमुखी पडले. त्यांच्या पायांतले बूट त्या हवामानाला पुरे पडले नव्हते. त्यांचा मित्र, इटालियन गिर्यारोहक विताले ब्रामानी, त्यानंतर रबरी सोलच्या मागे लागला आणि 1937 मध्ये त्याने त्याचं पेटंट घेतलं. आज व्हिब्रम म्हणून पिवळ्या खुणेसह मिळतो तो हाच वारसा.

पण नुसत्या दातांवर जाऊ नये. सह्याद्रीचा दगड बेसाल्ट. कोरडा असताना तो कुठल्याही रबराला धरतो, ओला झाला की रबराची जात विचारतो. कडक रबर वर्षानुवर्षं झिजत नाही आणि ओल्या कातळावर तितकंच भरवशाने घसरतं. मऊ रबर पकडतं, पण दोन-तीन मोसमांत झिजतं. अंगठ्याचं नख दातावर दाबून बघा, थोडं रुतलं तर बरं. कारखान्यातले सेफ्टी शूज याच परीक्षेत बहुधा नापास होतात, आणि शिवाय त्यांच्या टोकातली पोलादी टोपी उतारावर बोटांना काय करते ते सांगायला नको. हरिहर गडाच्या पायऱ्यांवर किंवा अलंग-मदन गडांच्या कातळात खोदलेल्या खोबण्यांत मात्र टोक जरा ताठ असलेला बूट उपयोगी पडतो, कारण तिथे अख्खं पाऊल मावत नाही आणि भार चवड्याच्या पुढच्या भागावरच पेलायचा असतो. शेवाळावर कुठलंच रबर चालत नाही. तिथे नजर चालवायची.

वॉटरप्रूफचं प्रकरण जरा सविस्तर सांगायला हवं, कारण मुंबईकराचे सर्वाधिक पैसे इथे वाया जातात. जुलैत लोहगडाला किंवा राजमाचीला निघालेला माणूस पाऊस म्हणून वॉटरप्रूफ बूट घेतो. पहिल्याच ओढ्यात पाणी घोट्याच्या वरून आत शिरतं, आणि बुटाच्या अस्तरातल्या ज्या पातळ पडद्याने ते बाहेर थोपवायचं तोच पडदा आता ते बाहेर जाऊ देत नाही. घामाची वाफ बाहेर सोडायचं त्याचं दुसरं काम बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी असेल तरच नीट चालतं, आणि जुलैत घाटमाथ्यावर कोरडी हवा शोधून सापडत नाही. दिवसभर पाण्यात मुरलेली कातडी मऊ पडते आणि मग साध्या घासण्यानेही फोड येतात. त्यापेक्षा जाळीदार कापडाचा, पाणी आत घेणारा आणि दर पावलाला बाहेर टाकणारा साधा बूट बरा. जुन्या ट्रेकर मंडळींचे कॅनव्हासचे हिरवे हंटर बूट याच हिशोबाने चालायचे. मोजे मात्र सुती नकोत. सुती मोजा पाणी धरून ठेवतो आणि पायाखाली त्याची घडी पडते. लोकरीचा किंवा सिंथेटिक घ्यावा, आणि एक कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावा.

स्वस्तातला देशी ट्रेकिंग शू घेतला असेल तर तो घरी न नेता आधी स्टेशनबाहेरच्या मोचीकडे न्यायचा, ही मराठी ट्रेकरांची जुनी आणि अत्यंत शहाणी पद्धत आहे. सोल नुसता चिकटवलेला असतो आणि तो पहिला सुटतो टोकाला, कारण तिथे बूट सतत वाकतो. मेण लावलेल्या नायलॉनच्या दोऱ्याने कडेकडेने सगळीकडून शिवून घ्यावा. दोरा सोलच्या खाचेत बसला पाहिजे, वर राहिला तर दगडाला घासून तुटतो. मात्र ज्याच्या तळाशी फोमचा जाड थर आहे त्या बुटाला हा उपाय नको, दोरा फोम कापत जातो. आणि वॉटरप्रूफ बूट शिवायला दिलात तर सुईच्या प्रत्येक भोकाबरोबर त्याचं वॉटरप्रूफपण गेलं.

हिमालयात हे सगळं उलटं होतं. बर्फात पाय कोरडा राहणं ही चैन नसते, तिथे वॉटरप्रूफ, घोट्याच्या वर जाणारा बूट आणि वरून गेटर्स, म्हणजे बुटात बर्फ शिरू न देणारी पोटरीवरची आवरणं, हवीतच. जाड मोजा घातल्यावरही बोटं आत हलली पाहिजेत, कारण आवळलेल्या पायात रक्त नीट फिरत नाही आणि हिमदंशाला वाट मिळते. क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फासाठी बुटाखाली बसवायचे पोलादी काटे, लावायचे असतील तर हिशोब आणखी वेगळा, आणि बुटांच्या ताठपणाच्या प्रती ठरलेल्या आहेत: बी-वन बुटाला ते पट्ट्यांनी बांधायचे, बी-टूला ते अडकवायला मागे टाचेशी खाच, बी-थ्री पूर्ण ताठ आणि पुढे-मागे दोन्हीकडे खाच. पण गिर्यारोहणाच्या बेसिक कोर्ससाठी हे विकत घेत बसू नये. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत बर्फातले बूट स्टोअरमधून मिळतात. तिथे रांगेत मोजे घालूनच उभं राहावं आणि दोन जोड घालून बघितल्याशिवाय सही करू नये.

नाडीचं एक. उतरायला सुरुवात करण्याआधी पाच मिनिटं बसून नाडी सोडावी आणि नव्याने बांधावी. टाच मागे दाबून धरायची, पाऊल जिथे वाकतं तिथल्या हुकांवर नाडीला एकाऐवजी दोन पीळ द्यायचे, मग वर जायचं. तिथे पीळ पक्का बसला की पाय पुढे सरकत नाही. नखं आधी कापलेली असावीत, हे कुणी सांगत नाही म्हणून सांगितलं.

परत आल्यावर इनसोल बाहेर, आत वर्तमानपत्राचे बोळे, वर पंखा. बोळे दर काही तासांनी बदलायचे. उन्हात किंवा हिटरपाशी ठेवला की गोंद सुटतो. पण मुंबईत बुटाचा खरा शत्रू बसतो तो कपाटात. बऱ्याच चांगल्या बुटांच्या मधल्या थरात पॉलियुरेथेन नावाचा फोम असतो आणि हवेतली वाफ त्याच्या रेणूंच्या साखळ्या हळूहळू तोडत जाते. उष्ण आणि दमट हवेत हे लवकर घडतं, म्हणजे आपल्याकडे बारा महिने. बूट वरून नवाकोरा दिसतो, कारण तो दोनदाच घातलेला असतो, आणि पाच-सहा वर्षांनी डोंगरावर तासाभरात त्याचा तळ भुगा होऊन पडतो. डब्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेल्याचं तर जास्तच वाईट, ओल आतच कोंडते. मोकळ्या फळीवर ठेवा, अधूनमधून घाला. निघण्याच्या आठवडाभर आधी मधल्या थरावर अंगठा दाबा: भेग पडली, चिकट लागलं किंवा कण सुटले तर तो बूट संपला. सेलमध्ये घेतानाही जिभेच्या आतल्या लेबलवर उत्पादनाची तारीख असल्यास वाचावी.

तरीही वाटेत सोल सुटलाच, तर सॅकमध्ये चार-पाच मीटर बारीक नायलॉनची दोरी असू द्या. एक वेढा चवड्याच्या मागे, एक टाचेच्या पुढच्या खोलगट भागात, आणि दोरी दातांच्या मधल्या खाचेतून न्या, म्हणजे दगडावर कापली जाणार नाही. गाठ पावलाच्या वर बांधा, तळाशी नको. अर्धी दोरी राखून ठेवा. दोन्ही बूट एकाच वेळी बनलेले असतात, त्यामुळे दुसराही फार मागे राहत नाही.