तुम्ही विचारलंत म्हणून: पेशंटलाच काय विचारायचं?

पुण्याला फोन केला की कुणीतरी विचारतंच, अगं तू कॅनडात, ओटावात कॅन्सरच्या पेशंटची नर्स ना, मग त्या एवढ्या लांबून आलेल्या इनुइट लोकांना कशाला विचारत बसता, डॉक्टरांनी सांगावं आणि मोकळं व्हावं.

तर सांगते. इनुइट म्हणजे उत्तर ध्रुवाकडच्या बर्फाळ भागातले मूळ रहिवासी, आणि नुनावुत हा कॅनडाच्या उत्तरेचा त्यांचा प्रदेश. तिथे 25 गावं, एका गावातून दुसऱ्या गावाला जायला रस्ताच नाही, आणि रेडिएशनचं मशीन अख्ख्या नुनावुतमधे नाही. तिथल्या बॅफिन बेटाकडची माणसं विमानाने आमच्याकडे येतात, नुनावुतची राजधानी इकालुइत, तिथपासूनच दोन हजार किलोमीटरच्या वर. आता ब्रेस्ट कॅन्सर लवकर सापडला तर बऱ्याचदा दोन पर्याय असतात, एक तर नुसती गाठ काढून पुढे काही आठवडे रोज रेडिएशन, नाहीतर पूर्ण स्तन काढायचा, मग बऱ्याच जणींना रेडिएशन लागत नाही. आयुष्याच्या दृष्टीने दोन्ही साधारण सारखेच. मग तिच्यासाठी काय बरं ते रिपोर्ट वाचून मला कसं कळणार?

माझ्या पहिल्या वर्षी एक वयस्कर बाई आली होती. डॉक्टरांनी तीनदा विचारलं, समजलं का, बाई गप्प. फाइलमधे लिहिलं गेलं, 'प्रतिसाद नाही'. खरं तर तिने तिन्ही वेळा भुवया उंचावल्या होत्या!! इनुइट लोकांत भुवया वर म्हणजे हो, नाक आक्रसलं म्हणजे नाही. दुभाषी फोनवर होती, तिला काही दिसत नव्हतं, आणि मी समोर उभी राहून ओळखलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

आणि त्यांचं गप्प राहणं उगाच नसतं हो. 1950 च्या दशकात सी. डी. होव नावाचं सरकारी तपासणीचं जहाज त्यांच्या गावांना यायचं, टीबी निघाला की माणसाला तिथूनच थेट दक्षिण कॅनडात न्यायचे, घरी निरोप घ्यायलाही वेळ नाही. 1956 च्या सुमारास सातातला एक इनुइट दक्षिणेत सॅनेटोरियममधे, म्हणजे टीबीच्या हॉस्पिटलात होता, कितीतरी जण परत आलेच नाहीत, कुठे पुरलं तेही घरच्यांना कळलं नाही. सरकारने माफी मागितली 2019 मधे. अशा घरातल्या माणसाला पहिल्याच भेटीत इथे सही करा म्हणायचं?

त्यांच्यात सगळ्यांनी बोलून, एकमत होईपर्यंत थांबून ठरवायची पद्धत आहे, म्हणून आता मी आधी विचारते, घरी कुणाशी बोलायचंय, आणि दुभाषी शक्यतो खोलीतच बसवते.

त्या बाईने दुसऱ्या दिवशी मुलीशी तासभर फोनवर बोलून पूर्ण स्तन काढायचं ठरवलं, कारण मे महिन्यात नातवंडांना घेऊन बर्फावर मासेमारीला जायचं होतं.