आज बंदर नाही

क्रूझवर ज्या दिवशी जहाज कुठल्याच बंदराला लागत नाही, त्याला ‘सी डे’ म्हणतात. बुकिंग करताना या दिवसांकडे कुणी ढुंकूनही बघत नाही, सगळ्यांचं लक्ष बंदरांच्या यादीवर. मी मात्र ही सफर निवडलीच ती त्यात असे दिवस भरपूर होते म्हणून. फक्त एक सांगते, त्या दिवशी आराम आपसूक पदरात पडत नाही. जहाजावर सगळ्यात जास्त गडबड त्याच दिवशी असते. एकही प्रवासी खाली उतरलेला नसतो, आणि बंदरात असताना बहुतेक ठिकाणी नियमांमुळे बंद ठेवावी लागणारी करमुक्त दुकानं आणि कॅसिनो या दिवशी सताड उघडे असतात. तुम्ही खुर्चीत पडून राहावं यात जहाजाचा काडीचाही फायदा नाही.

आदल्या रात्री दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम केबिनमध्ये आला. पहाटेच्या व्यायामापासून मध्यरात्रीच्या नाचापर्यंत अर्ध्या अर्ध्या तासाला काहीतरी. ताईने लगेच पेन काढून खुणा करायला घेतल्या. “अगं, साडेनऊला प्रश्नमंजुषा, दहाला नाच शिकवणार, अकराला टॉवेलचे प्राणी करायला शिकवणार!” मी म्हटलं, “ताई, तू खुशाल जा. मी एकच गोष्ट करणार आहे.” दुपारी तीनला जहाजाच्या इंजिन विभागातला एक अधिकारी प्रश्नांची उत्तरं देणार होता, तेवढ्यावर मी खूण केली.

झोपण्यापूर्वी घड्याळ एक तास मागे घेतलं. पश्चिमेकडे जाणाऱ्या जहाजावर अधूनमधून असा पंचवीस तासांचा दिवस मिळतो. परतीच्या दिशेने तोच तास कापून घेतात, तेव्हा लोकांचे चेहरे बघण्यासारखे असतात म्हणे. फोनवर मात्र यात विसंबू नये. तो कुठलं तरी नेटवर्क पकडून भलतीच वेळ दाखवू शकतो. शिवाय भर समुद्रात तो जहाजावरच्या उपग्रह-नेटवर्कला जोडला गेला, तर रोमिंगचं बिल बघून घाम फुटतो. म्हणून फोन एअरप्लेन मोडवर आणि उशाला साधं घड्याळ.

सकाळी पोहण्याच्या तलावाजवळ गेले तर निम्म्या खुर्च्यांवर नुसते टॉवेल आणि उलटी ठेवलेली पुस्तकं. माणूस एक नाही. बेवारस सामान उचलायचा नियम बऱ्याच जहाजांवर असतो, पण तो पाळला गेलेला क्वचितच दिसतो. वाद घालण्यात सकाळ घालवायची नव्हती. मी जिन्याने खाली प्रोमनाड डेकवर उतरले. जहाजाच्या कडेकडेने जाणारा हा डेक. डोक्यावर लाइफबोटी टांगलेल्या, म्हणून आयती सावली आणि वर तलावावर वाजणारं संगीत ऐकू येत नाही.

बाजू कुठली घ्यायची, हे थोडं डोकं चालवून ठरवावं लागतं. केबिनमधल्या टीव्हीवर एका चॅनेलवर नकाशा, जहाजाची दिशा आणि वेग सतत दिसत असतो. आम्ही उत्तर गोलार्धात होतो आणि पश्चिमेला चाललो होतो. म्हणजे दुपारचा सूर्य दक्षिणेला, जहाजाच्या डाव्या हाताला. उजवी बाजू दिवसभर सावलीत. वाऱ्याचंही असंच. वेग वीस नॉट होता, म्हणजे ताशी सदतीस किलोमीटर. हवा ठप्प असली तरी डेकवर तेवढा वारा लागणारच. उलट वारा पाठून त्याच वेगाने येत असेल, तर डेकवर पानही हलत नाही आणि उकडायला लागतं. त्या दिवशी तो उजवीकडून तिरका येत होता, म्हणून मी उजव्याच बाजूला, पण एका आडव्या भिंतीच्या आडोशाला खुर्ची ओढली.

मग काही केलं नाही. पुस्तक होतं, पण ते फारसं उघडलं गेलं नाही. बाराला कॅप्टनची घोषणा झाली: जहाज कुठे आहे, वेग किती, वारा कुठून, पाणी किती खोल. खोली तीन हजार मीटरच्या पुढे होती. शेजारचे आजोबा उठून कठड्यापाशी गेले आणि खाली बघून आले, जणू तळ दिसणार होता. वरच्या डेकवरून, साधारण तीस मीटर उंचीवरून बघितलं, तर क्षितिज सुमारे वीस किलोमीटरवर असतं. त्या अख्ख्या वर्तुळात एकही जहाज दिसत नव्हतं.

बोट लागायची भीती ज्यांना वाटते, त्यांनी केबिन निवडतानाच काळजी घ्यावी. जहाजाच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावर हालचाल सगळ्यात कमी. बाल्कनीवाली वरची, पुढच्या टोकाची केबिन फोटोत सुंदर दिसते, पण हलते तीच जास्त. मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात. त्यांनी जहाजाचं डावं-उजवं डोलणं बरंच कमी होतं, पुढचं टोक वर-खाली होणं मात्र फारसं थांबत नाही. गोळी घ्यायची तर त्रास सुरू होण्याआधी, डॉक्टरांना विचारून. त्यातल्या पुष्कळ गोळ्यांनी झोप येते. डेकवर बसून क्षितिजाकडे बघत राहणं मला तरी पुरतं.

तीनची त्या अधिकाऱ्याची प्रश्नोत्तरं म्हणजे दिवसातली सगळ्यात चांगली वेळ. माझी समजूत होती की जहाज पुढे ढकलणारा पाण्याखालचा पंखा इंजिन थेट फिरवतं. आमच्या जहाजावर तसं नव्हतं. डिझेल इंजिनं फक्त वीज तयार करतात, आणि त्या विजेवर पंखे फिरवणाऱ्या मोटरी, स्वयंपाकघर, एसी, लिफ्ट सगळं चालतं. म्हणजे माझ्या डोक्यावरचा दिवा आणि खालचा पंखा एकाच वीजघरातून चालत होते. आंघोळीचं पाणीही समुद्राचंच. इंजिनाच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर, कमी दाबाखाली ते उकळतात. दाब कमी केला की पाणी शंभर अंशांच्या बरंच खाली उकळतं, म्हणून ती उरलेली उष्णता पुरते. वाफ थंड केली की गोडं पाणी तयार. त्याच्या जोडीला रिव्हर्स ऑस्मोसिसची, म्हणजे बारीक पडद्यातून पाणी दाबाने गाळून मीठ वेगळं करणारी यंत्रंही होती. एका मुलीने विचारलं, “मग तलावातलं पाणी खारट का?” अधिकारी हसला. तलावात सरळ समुद्राचंच पाणी घेतलेलं होतं. जहाज फार हलायला लागलं की तलावावर जाळी टाकतात किंवा तो रिकामा करतात, हेही त्यानेच सांगितलं.

दरम्यान ताई नाच शिकून, टॉवेलचा हत्ती करून, ‘फक्त आजच’ अशी पाटी लावलेल्या दुकानातून घड्याळ घेऊन आली होती. तेच घड्याळ पुढच्या सी डेलाही त्याच पाटीखाली असणार, हे मी बोलले नाही.

रात्री तिने मला ओढून नाट्यगृहात नेलं. ते बहुतेक जहाजांवर असतं तसं अगदी पुढच्या टोकाला होतं. संध्याकाळपासून लाटा वाढल्या होत्या. “मला बोट-बिट लागत नाही,” म्हणणारी ताई तिसऱ्या गाण्याला उठली. मी तिला जहाजाच्या मध्यावर, खालच्या मजल्यावरच्या लॉबीत नेऊन बसवलं, थोडं पाणी आणि कोरडी बिस्किटं दिली. अर्ध्या तासाने तिच्या तोंडावर रंग आला. “नाटकाचा शेवट काय झाला असेल गं?” तिने विचारलं. ते नाटक नव्हतंच, गाण्यांचा कार्यक्रम होता. लिफ्टसमोर रांग होती, पण तिला चालवत न्यायचं नव्हतं म्हणून आम्ही थांबलो.