प्रेशर रिड्यूसिंग व्हॉल्व्हमध्ये वायू किती थंड होतो?

सिटी गेट स्टेशनचा (मुख्य वाहिनीतल्या वायूचा दाब शहराच्या जाळ्यासाठी उतरवणाऱ्या केंद्राचा) आराखडा करताना एक प्रश्न हमखास येतो: २७ अंश सेल्सिअसचा नैसर्गिक वायू ५० बारवरून ४ बारवर उतरवला, तर व्हॉल्व्हनंतर त्याचे तापमान किती राहील? समएन्ट्रॉपी प्रसरणाचे (एन्ट्रॉपी, म्हणजे ऊर्जेच्या विखुरलेपणाचे माप, स्थिर धरणारे) परिचित सूत्र लावले, तर मिथेनसाठी, म्हणजे नैसर्गिक वायूच्या मुख्य घटकासाठी, उत्तर उणे १०० अंशांच्याही खाली जाते. ते सूत्र टर्बाइनसाठी ठीक आहे, कारण तिथे वायू पाती फिरवून बाहेर काम करतो. व्हॉल्व्हमध्ये तो असे कोणतेही काम करत नाही आणि बाहेरून उष्णता घेण्याइतका वेळही त्याला मिळत नाही. म्हणून स्थिर राहते ती एन्थाल्पी (वायूची अंतर्गत ऊर्जा अधिक दाब आणि आकारमान यांचा गुणाकार), एन्ट्रॉपी नव्हे. वायू आदर्श असता, तर तापमान मुळीच बदलले नसते. प्रत्यक्षात रेणू एकमेकांपासून दूर जाताना आपसातल्या आकर्षणाविरुद्ध ऊर्जा खर्च होते आणि वायू थंड होतो. जूल आणि थॉमसन यांनी १८५० च्या दशकात हाच परिणाम मोजला होता.

सामान्य तापमानाला मिथेनचा जूल-थॉमसन गुणांक (एन्थाल्पी स्थिर असताना दाब एक बारने घटला की तापमान किती घटते तो आकडा) दर बारला साधारण ०.४५ अंश आहे. त्याला ४६ बारच्या फरकाने गुणले, की सुमारे २० अंशांची घट मिळते, म्हणजे व्हॉल्व्हनंतर ६-७ अंश. पहिल्या अंदाजाला एवढे पुरेसे आहे, असे माझे मत आहे. मात्र सीएनजीप्रमाणे सुरुवातच २०० बारवर असेल, तर हा गुणांक बराच बदलतो. तिथे एन्थाल्पीचे तक्ते उघडावेत. नायट्रोजनचा गुणांक मिथेनच्या निम्मा, कार्बन डायऑक्साइडचा दर बारला एक अंशाहून अधिक, तर हायड्रोजन सामान्य तापमानाला उलट किंचित तापतो.

पुढच्या पाइपातला वेग २० मीटर प्रतिसेकंद असेल, तर गतिज ऊर्जेमुळे पडणारा फरक ०.१ अंशाच्या आसपास राहतो आणि तो खुशाल सोडून द्यावा. वेग १०० मीटर प्रतिसेकंद असेल, तर मात्र तो दोन अंशांच्या वर जातो. (हॉटेलातल्या एलपीजी सिलिंडरवर साचणाऱ्या बर्फाचा याच्याशी संबंध जोडू नये, तिथे द्रवाच्या बाष्पीभवनाला लागणारी उष्णता सिलिंडरमधूनच जाते.)

हिवाळ्यात येणारा वायू १५ अंशांवर असेल, तर हीच घट त्याला शून्याखाली नेते. मग वायूत ओलावा असल्यास पायलट लाइनमध्ये (व्हॉल्व्हला नियंत्रणाचा दाब पोहोचवणाऱ्या बारीक नळीत) बर्फ धरून रेग्युलेटर, म्हणजे हाच दाब उतरवणारा व्हॉल्व्ह, अडकू शकतो. त्यामुळे हीटर व्हॉल्व्हच्या आधी बसवतात आणि त्याची क्षमता वायूचा वस्तुमान-प्रवाह, विशिष्ट उष्णता आणि हवी असलेली तापमानवाढ यांच्या गुणाकारावरून ठरवतात.