आईने वाहिलेला दोष

आईच्या मनातून ती सुई अजून गेलेली नाही. शेजारच्या तान्ह्या बाळाला आज पोलिओचा डोस पाजून आणल्याचे कानावर आले, तशी ती पुन्हा तेच म्हणाली, "तुला त्या दिवशी सुई टोचायला नेलं नसतं, तर तू धड चालला असतास."

माझा जन्म १९७४ चा, लालबागच्या चाळीतला. वर्षाचाही नव्हतो तेव्हा मला ताप आला, आईने कडेवर घेऊन दवाखाना गाठला, कमरेत इंजेक्शन दिले गेले आणि त्यानंतर उजवा पाय लुळा पडला. आजी नवस बोलत राहिली, बाबा गिरणीतून येऊन गप्प बसत, आणि कोणी उघडपणे काही म्हटले नाही तरी दवाखान्यात आपणच नेले होते, एवढे आईने कायमचे मनाशी धरले.

मग तिने त्या दोषाची फेड सुरू केली. रोज सकाळी मला खाटेवर बसवून ती मोजा वर ओढायची, कॅलिपरचे, म्हणजे लुळ्या पायाला ताठ धरणाऱ्या लोखंडी आधाराचे, चामडी पट्टे एकेक करून आवळायची आणि गुडघ्याचे लॉक नीट बसेपर्यंत दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसे. पावसाळ्यात भिजलेले पट्टे स्टोव्हजवळ वाळत घालणे आणि लोखंडी सांध्यांना तेल देणे हेही तिचेच काम. त्या वेळात ताईची वेणी शेजारच्या काकू घालून देत. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, बाबांचा पगार थांबला आणि आई लोकांना डबे करून देऊ लागली. तरी माझ्या पायाची ती वेळ तिने ठेवली, आणि जी कामे उरली ती ताईवर पडली. त्याबद्दल ताईला कधी कोणी विचारले नाही, आणि हे मला आजही फार लागते.

आईला आज मी शांतपणे सगळे समजावून सांगितले. पोलिओचा विषाणू तोंडावाटे शरीरात जातो, आतड्यात वाढतो आणि काही थोड्या मुलांच्या मज्जारज्जूत शिरून स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मारतो. अशा तापात स्नायूत टोचलेल्या इंजेक्शनने त्या अवयवाला लकवा होण्याचा धोका वाढू शकतो, हेही मी लपवले नाही. पण ताप आला म्हणजे विषाणू आधीच अंगात होता, आणि तापलेल्या मुलाला दवाखान्यात नेणे हे कोणत्याही आईने केलेच असते. देशाचा लसीकरण कार्यक्रम १९७८ साली सुरू झाला आणि पोलिओचे डोस त्यात १९७९ साली आले, म्हणजे माझा पाय गेल्यानंतर. भारतात रानटी, म्हणजे निसर्गात आपोआप पसरणाऱ्या, पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी सापडला, हे ऐकून तिने दोनदा विचारले, "खरंच, आता एकही नाही?"

पायाची तपासणी पुष्कळांनी केली, पण आईला समोर बसवून एवढे साधे कोणी सांगितले नाही. रविवारी ताई डोंबिवलीहून येणार आहे. तेव्हा दोघींना एकत्र बसवून हे पुन्हा सांगायचे आहे, कारण इतक्या वर्षांची समजूत एका दुपारीत निघणार नाही, आणि ताईचेही बरेच ऐकायचे राहिले आहे.