न झालेल्या बिघाडांचा पुरावा

बेंगळुरूच्या ज्या मोठ्या तंत्रज्ञान कंपनीत मी नोकरी करतो, तिथे वरिष्ठ सॉफ्टवेअर अभियंत्याला ‘स्टाफ’ अभियंता करायचे की नाही, हे त्याचा मॅनेजर ठरवत नाही. मॅनेजर फक्त प्रस्ताव पाठवतो. निर्णय पाच जणांची समिती घेते आणि त्या पाचांपैकी कोणीही उमेदवाराबरोबर काम केलेले नसावे असा दंडक आहे. तसा संबंध निघालाच तर त्या प्रस्तावापुरते त्या सभासदाने खोलीबाहेर जायचे. उमेदवाराची मुलाखत होत नाही, तो समितीसमोर येतही नाही. समोर येते ते फक्त ‘पॅकेट’: उमेदवाराने स्वतः लिहिलेले कामाचे निवेदन, मॅनेजरची शिफारस, सहकाऱ्यांचे लेखी अभिप्राय आणि डिझाइन डॉक्युमेंट्सचे, म्हणजे प्रणाली कशी आणि का बांधायची ते मांडणाऱ्या टिपणांचे, दुवे. पॅकेटमध्ये जे लिहिलेले नाही, ते समितीच्या लेखी घडलेलेच नसते.

या क्षेत्राबाहेरच्या वाचकांसाठी पातळ्यांचे थोडे सांगायला हवे. गूगलमध्ये वरिष्ठ अभियंता म्हणजे एल-५ आणि स्टाफ म्हणजे एल-६. मेटामध्ये त्याच जागी ई-५ आणि ई-६ येतात. आकडे कंपनीगणिक बदलतात, पण उतरंड साधारण सारखीच असते. खालच्या पातळ्यांवरच्या नवख्या अभियंत्याने ठरावीक काळात वर सरकावे अशी अपेक्षा असते; वरिष्ठ पातळीला पोहोचल्यावर ती सक्ती संपते आणि माणूस तिथेच निवृत्तीपर्यंत राहिला तरी कोणी काही म्हणत नाही. म्हणूनच त्यापुढची पायरी अवघड. दिलेले कठीण काम उत्तम करून दाखवणे ही वरिष्ठाची कसोटी, तर कोणते काम करायला हवे हे स्वतः ओळखून, आपल्या हाताखाली नसलेल्या लोकांकडून ते करवून घेणे ही स्टाफची. हे वाक्य आमच्या मार्गदर्शक पुस्तिकेत फार गुळगुळीत भाषेत लिहिलेले आहे. ते एखाद्या जिवंत माणसाच्या कामाला लावायचे म्हणजे काय, हे मला समितीवर पहिल्यांदा बसलो त्या दिवशी कळले.

त्या दिवशीच्या पॅकेटांपैकी एक प्रमाणपत्रांचे होते. दोन संगणकांनी एकमेकांशी सुरक्षितपणे बोलायचे तर त्यांच्याकडे टीएलएस प्रमाणपत्र लागते आणि त्या प्रमाणपत्राला मुदत असते. मुदत संपली की सेवा धडधाकट असूनही समोरचा तिच्याशी बोलायला नकार देतो. ब्रिटनमधल्या ओटू कंपनीचे मोबाइल डेटा नेटवर्क ६ डिसेंबर २०१८ रोजी जवळजवळ दिवसभर बंद पडले, ते एरिक्सनच्या सॉफ्टवेअरमधल्या एका प्रमाणपत्राची मुदत संपल्यामुळे. जपानमधल्या सॉफ्टबँकेच्या ग्राहकांनाही त्याच दिवशी त्याचा फटका बसला. ३ फेब्रुवारी २०२० रोजी मायक्रोसॉफ्ट टीम्स काही तास ठप्प झाले, त्याचेही कारण हेच. बिघाड क्षुल्लक, पण जिथे होतो तिथे सगळे थांबते, आणि त्याची तारीख वर्षभर आधीपासून प्रमाणपत्रावरच छापलेली असते, ही त्यातली खरी नामुष्की.

उमेदवार बाईंनी आमच्या कंपनीतल्या प्रमाणपत्रांचे नूतनीकरण स्वयंचलित केले होते. मॅनेजरच्या शिफारशीत या कामाचे वर्णन ‘अत्यंत प्रभावी’, ‘दूरगामी’, ‘संस्थाव्यापी’ अशा विशेषणांनी भरले होते आणि शेवटी एकच आकडा होता: प्रणाली सुरू झाल्यापासून मुदत संपल्यामुळे झालेले बिघाड, शून्य.

समितीतल्या एका सभासदाने या शून्यावरच बोट ठेवले. हे गृहस्थ सर्च आणि वापरकर्त्याला काय दाखवावे ते सुचवणाऱ्या प्रणालींवर काम केलेले, आकड्यांत रमणारे. त्यांचे म्हणणे असे की नूतनीकरण आपोआप करण्याचा प्रोटोकॉल, म्हणजे संगणकांनी आपसात पाळायची ठरलेली पद्धत, एसीएमई, २०१९ पासून प्रमाणित आहे, लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था २०१५ पासून नव्वद दिवसांची प्रमाणपत्रे फुकट वाटते आहे, मग या कामात नवीन काय? तयार साधन आणून बसवले, एवढेच. हे देखभालीचे काम आहे. चांगले आहे, वरिष्ठ पातळीवर उत्तम शेरा देण्याजोगे आहे, पण स्टाफचे नाही. शिवाय जे घडले नाही ते या कामामुळेच घडले नाही, याचा पुरावा कुठे आहे?

आक्षेप बिनबुडाचा नव्हता. नवीन उत्पादन बाजारात आणणाऱ्याकडे वापरकर्त्यांचे, उत्पन्नाचे, वेगाचे आलेख असतात. अनर्थ टाळणाऱ्याकडे सपाट रेषेशिवाय दाखवण्यासारखे काही नसते. त्यामुळेच आमच्या क्षेत्रात बढतीवर डोळा ठेवून नवनव्या प्रणाली बांधल्या जातात आणि बढती मिळताच त्या दुसऱ्याच्या गळ्यात पडतात. हा प्रकार सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर सगळे हसतातही, आणि पुढच्या फेरीत तेच करतात.

मी उमेदवाराचे डिझाइन डॉक्युमेंट उघडले. ते २०२३च्या मध्यावर लिहिलेले होते. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये गूगलच्या क्रोम विभागाने सार्वजनिक प्रमाणपत्रांची कमाल मुदत ३९८ दिवसांवरून ९० दिवसांवर आणण्याचा इरादा जाहीर केला होता, आणि बाईंनी त्यावरून साधा गुणाकार मांडला होता: मुदत चौथाईवर आली की हाताने करायचे नूतनीकरण चौपट होणार, आणि ऑन-कॉल, म्हणजे बिघाड झाला की धावून जाण्याची पाळी असलेले, अभियंते आजच ज्या स्प्रेडशीटवर विसंबून आहेत ती तेव्हा निरुपयोगी ठरणार. पुढे एप्रिल २०२५ मध्ये ब्राउझर कंपन्या आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था यांच्या संयुक्त मंचाने त्याहूनही कडक वेळापत्रक मंजूर केले: मार्च २०२६ पासून २०० दिवस, मार्च २०२७ पासून १०० आणि मार्च २०२९ पासून अवघे ४७. म्हणजे हे काम त्यांना कोणी दिलेले नव्हते. ते येणार हे ओळखून त्यांनी आधीच हाती घेतले होते. कसोटीचा अर्धा भाग इथे पुरा होत होता. मी तसे समितीला सांगितले.

‘मग उरलेला अर्धा?’ अध्यक्षांनी विचारले.

उरलेला अर्धा समजायला तांत्रिक बाब पाहावी लागते. नवे प्रमाणपत्र मिळवून डिस्कवर ठेवणे हा सोपा भाग. त्यासाठी खरोखरच तयार साधने आहेत. अडचण अशी की जुने सर्व्हर प्रमाणपत्र एकदाच, सुरू होताना, वाचतात आणि मग ते मेमरीत धरून बसतात. डिस्कवरचे प्रमाणपत्र ताजे असले तरी चालू असलेली प्रक्रिया, म्हणजे सर्व्हरचा चालता प्रोग्राम, शिळेच दाखवत राहते, आणि महिनोन्महिने रीस्टार्ट न झालेली सेवा एका पहाटे बंद पडते. तपासणी करणारा डिस्कवरची फाइल पाहून सगळे ठीक असल्याचे सांगतो, म्हणून हा बिघाड शोधायलाही वेळ लागतो. यावर उपाय म्हणजे प्रत्येक सेवेच्या कोडमध्ये बदल करून, न थांबता नवे प्रमाणपत्र उचलण्याची सोय करणे. असा बदल करायला सांगितल्यावर कोणतीही टीम आनंदाने तयार होत नाही, कारण तिच्या तिमाहीच्या उद्दिष्टांत तो बसत नाही.

हे सगळे मी पॅकेटच्या वेगवेगळ्या पानांवरून गोळा करून सांगत होतो, आणि सांगताना मॅनेजरचा रागही येत होता. यातले एक वाक्य त्याने शिफारशीत घातले असते तर अर्धा तास वाचला असता. चांगल्या अभियंत्याचे नशीब त्याच्या मॅनेजरच्या लेखनशैलीवर इतके अवलंबून असावे, हे मला आजही खटकते.

माझे वडील पाटबंधारे खात्यात उपअभियंता होते. घरात लहानपणापासून ‘सीआर’ हा शब्द कानावर पडलेला, म्हणजे गोपनीय अहवाल. साहेबाने ‘ब+’ लिहिले की ‘अ’, यावर विभागीय पदोन्नती समितीत काय होणार ते ठरे, आणि काय लिहिले हे कर्मचाऱ्याला अनेकदा कळतही नसे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली देव दत्त खटल्यात अहवालातला प्रत्येक शेरा, मग तो चांगला असो वा वाईट, कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे असे म्हटले, तोवर वडिलांची नोकरी संपत आली होती. तरीही त्यांच्याकडे एक आधार होता: ज्येष्ठता यादी. यादीत आपला क्रमांक कितवा आणि आपल्या पुढे कोण, हे भिंतीवर लागलेले असे. आमच्याकडे यादी नाही, त्यामुळे शब्दांचे वजन तिथल्यापेक्षाही जास्त.

प्रस्तावाचे पारडे फिरले ते एका अभिप्रायामुळे. तो पॅकेटच्या अगदी शेवटी होता आणि डब्लिनच्या पेमेंट्स टीममधल्या एका जुन्या, नावाजलेल्या अभियंत्याने लिहिलेला होता. अध्यक्षांनी तो मोठ्याने वाचायला सांगितला. त्यात त्याने प्रथम लिहिले होते की मी या प्रकल्पाला विरोध केला होता. पेमेंट्सच्या सर्व्हरमध्ये बाहेरच्या कोणाचा कोड येऊ द्यायला तो तयार नव्हता, आणि बाईंनी स्वतः लिहून पाठवलेला बदल त्याने परत पाठवला होता. त्यानंतर बाईंनी वरच्या अधिकाऱ्यांकडे तक्रार नेली नाही. त्यांनी त्याच्या टीमचे मागचे पोस्टमॉर्टेम अहवाल, म्हणजे बिघाडानंतर त्याची कारणे शोधून लिहिलेले अहवाल, वाचले, त्याची भीती कुठून आली ते शोधले, आणि आपले डिझाइनच बदलले: सर्व्हरला हात न लावता शेजारी चालणारी एक छोटी प्रक्रिया प्रमाणपत्र सांभाळील आणि काही चुकले तर जुन्यावर परत जाईल, अशी व्यवस्था केली. पुढे तीच रचना इतर अनेक टीम्सनी उचलली, कारण पेमेंट्सने ती स्वीकारली म्हटल्यावर कोणाला नाही म्हणायला जागा उरली नाही. अभिप्रायाच्या शेवटी त्याने लिहिले होते की आता आमच्या नव्या अभियंत्यांना मी त्यांचे डिझाइन डॉक्युमेंट वाचायला देतो.

कौतुक करणाऱ्यांचे अभिप्राय समितीला सवयीचे असतात. ते उमेदवारच निवडून देतो. विरोध करून मग वळलेल्या माणसाचा लेखी जबाब क्वचित मिळतो. खोलीतले बोलणे त्यानंतर बदलले. शून्याबद्दल आक्षेप घेणाऱ्या सभासदांनी मग योग्य तो प्रश्न विचारला: आधीची स्थिती काय होती? उत्तर निवेदनाच्या एका तळटीपेत होते. प्रणालीपूर्वीच्या दोन वर्षांतले, मुदत संपण्यामुळे झालेले अंतर्गत बिघाड बाईंनी पोस्टमॉर्टेमच्या दुव्यांसह नोंदवले होते. त्यांतला एक तर आमच्यापैकी तिघांनी स्वतः रात्रभर जागून निस्तरला होता. आधीचा आकडा सापडला आणि शून्याला अर्थ आला.

मतदानात चार जण बाजूने होते. पाचव्या सभासदांनी, म्हणजे त्याच आक्षेपकांनी, माघार घेतली नाही. डिझाइन एका टीमसाठी बदलले याला संस्थाव्यापी नेतृत्व म्हणणे त्यांना अजूनही जास्तीचे वाटत होते, आणि त्यांनी तसे नोंदवायला सांगितले. मला त्यांचे म्हणणे पटले नाही, पण त्यांची नोंद पॅकेटबरोबर राहावी असे मात्र वाटले. बढती मंजूर झाली.

त्याच दुपारी दुसरे एक पॅकेट नामंजूर झाले. लेखन सुरेख, आलेख वर चढणारे, प्रणाली नवी. पण तसेच काम करणारी प्रणाली शेजारच्या विभागात आधीपासून होती आणि ती का नाकारली याचे उत्तर डिझाइन डॉक्युमेंटमध्ये नव्हते. नकाराची कारणे लिहून देण्याचे काम माझ्याकडे आले. ‘पुढच्या वेळी अधिक प्रभाव दाखवा’ असले पोकळ वाक्य लिहायचे नाही असे मी ठरवले होते, म्हणून तुलनेचा अभाव, त्याचे पान आणि कोणते दोन प्रश्न अनुत्तरित आहेत, हे सविस्तर लिहिले. तो मजकूर आधीच्या वादापेक्षा अधिक वेळ खाऊन गेला.

दिवस संपताना मंजूर प्रस्तावांचा कागद तयार झाला, तेव्हा बाईंची नवी पातळी आणि नवा पगार पुढच्या तिमाहीपासून लागू होणार असे दिसले. आमच्याकडे नियमच असा आहे की वरच्या पातळीचे काम आधी बराच काळ करून दाखवायचे, मग पातळी मिळते. त्या काळाचा फरक कोणी देत नाही. सरकारी नोकरीत निदान ‘मानीव दिनांक’ नावाची सोय आहे: बढती उशिरा मिळाली तरी ती अमुक तारखेपासून मिळाल्याचे मानतात, ज्येष्ठता आणि वेतननिश्चिती त्याप्रमाणे करतात, जरी मागची थकबाकी हाती पडतेच असे नाही. मी अध्यक्षांना ही कल्पना समजावून सांगितली आणि आपल्याकडे असे काही करता येईल का, असे विचारले. ते गमतीने म्हणाले की हा प्रस्ताव तुम्हीच लिहून पाठवा, फक्त त्याला वित्त विभागातल्या एखाद्या विरोधकाचा अभिप्राय जोडा. प्रस्ताव मी लिहिला आहे. वित्त विभागाकडून तसा अभिप्राय अजून आलेला नाही.