‘करायलो’चा रकाना कुठला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पुण्यात शिकवायला लागल्यापासून हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी येतोच: “सर, तुम्ही लातूरचे ना? ते ‘करायलो’, ‘जायलो’ (म्हणजे तुमचं ‘करतोय’, ‘जातोय’) व्याकरणात नेमकं कुठं बसतं?” विचारणारा गालात हसत असतो. (‘आलो, आलो!’ असं घरातून ओरडून दहा मिनिटं बाहेर न येणाऱ्यांना मात्र कुणी काही विचारत नाही.)

शाळेत आपण धातू चालवायचो, त्या तक्त्याला रूपावली म्हणतात. ‘करायलो’ आलंय ते, माझ्या मते, ‘करायला लागलो’मधून. नांदेडकडं ‘करूलालो’ म्हणतात. त्यात ‘करू लागलो’ अजून उघडं दिसतं. पण नुसतं झिजून कुणी व्याकरणात जाऊन बसत नाही. आमच्या आईचं बघा. पहिले थेंब आले की “पाऊस पडायला लागला.” तासाभरानं फोन केला तर “पडायलाय.” आणि ‘पडतो’ कशासाठी? “आपल्याकडं कुठं वेळेवर पडतो!” सुरुवात, चालू असलेलं आणि नेहमीचं: तीन रूपं, तीन रकाने, आणि एकाची हद्द दुसऱ्यानं आखलेली.

भाषाशास्त्रात रचना-व्याकरण नावाचा एक विचार आहे. त्यात शब्दापासून वाक्याच्या साच्यापर्यंत सगळं म्हणजे रूप आणि अर्थ यांच्या जोड्या, त्यांनाच ‘रचना’ म्हणतात. तिथं रूपावलीला बराच काळ मानाचं पान नव्हतं. जर्मन भाषाभ्यासक गाब्रिएले डीवाल्ड यांनी २०२० साली मांडलं की अख्खी रूपावली हीच वरच्या पातळीवरची एक रचना. मला ते पटतं ते आईच्या पावसामुळं.

आता ‘करायलो’त ‘लागणे’ किती उरलंय? आम्ही “भूक लागायली” म्हणतो. म्हणजे ‘लागणे’ स्वतःच त्या साच्यात शिरलंय, इतका तो साचा त्याच्यापासून सुटलाय. तरी एक खूण राहिलीच. शेवट सगळे भूतकाळाचे, लो, लास, ले. पण आई “मी भाकरी केली” म्हणते तसं “मी भाकरी करायली” कधीच म्हणत नाही. म्हणते, “भाकरी करायले.” क्रियापद भाकरीमागं न जाता करणारणीमागं जातं, कारण ‘लागले’चं वळण तसंच होतं.

परवा हेच फळ्यावर मांडत होतो, तर आईचा फोन. “काय करायलास?” “शिकवायलो.” वर्ग हसला. मागच्या बाकावरून नांदेडचा एक जण म्हणाला, “सर, ‘शिकवूलालो’साठी शेजारी एक रकाना सोडा.”